पेटी अर्धी, काटा पूर्ण

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला, बर्फाची धास्ती सरली, की गल्लोगल्ली लोखंडी पेट्या दिसू लागतात. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर बावीस फूट लांब, आठ फूट रुंद, ठिकठिकाणी पोचे पडलेली, वरून उघडी पेटी उभी असली की समजायचं, या घराचं रूफ उतरणार. इथली मराठी माणसं छप्पर म्हणत नाहीत, रूफच म्हणतात. ‘यंदा आमचं रूफ काढलंय’ हे वाक्य पाडव्याच्या जेवणाच्या पंगतीत एकदा तरी कानावर येतं, आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, ‘डंपस्टर किती यार्डाचा घेतलात?’

हा प्रश्नच चुकीचा आहे. मीही तो चारचौघांना विचारला होता. मिळालेल्या उत्तरांवर भिस्त ठेवून जी पेटी मागवली, ती काम संपलं तेव्हा जेमतेम निम्मी भरली होती. बिल मात्र ठरलेल्या रकमेपेक्षा २८८ डॉलरने जास्त आलं. अर्ध्या रिकाम्या पेटीचे जादा पैसे कसले, हे कळायला मला आधी स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर कशाचं आहे ते कळून घ्यावं लागलं.

त्या वर्षी काका आमच्याकडे राहायला आले होते. रत्नागिरीजवळच्या गावी त्यांनी हयातभर दर वैशाखात घर शाकारून घेतलेलं. रूफ काढायचं ठरलंय म्हटल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती जागेची.

“उतरवलेलं ठेवणार कुठे?”

“ठेवायचं नाही काका, टाकायचं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग छप्पर उतरवताय की घर मोडताय?”

काकांच्या हिशेबात छप्पर उतरवणं म्हणजे कौलं एकेक करून खाली द्यायची, झाडून पुसून भिंतीशी उभी रचायची, वासे-रीप तपासायचे आणि तीच कौलं पुन्हा चढवायची. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर जी तांबडी मंगलोरी कौलं पसरली, त्यातली कितीतरी तीन-तीन पिढ्या त्याच घरावर आहेत. फुटकी तेवढी बाजूला काढायची आणि पावसाळ्यात गोठ्याच्या वाटेवरच्या चिखलात घालायची. या सगळ्या व्यवहारात टाकाऊ म्हणून उरतं काय, तर झाडलेली माती आणि पालीची अंडी. डंपस्टर नावाची वस्तू तिथे कुणाला सुचणारच नाही.

अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांवर कौल नसतं, डांबरी शिंगल असते. साधी शिंगल म्हणजे तीन फूट लांब, एक फूट रुंद अशी पट्टी. मधे काचतंतूंची चटई, तिला दोन्ही बाजूंनी डांबराचा लेप आणि वर रंगीत दगडी कण्या. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या हेन्री रेनॉल्ड्स या रूफरने १९०३ च्या सुमारास डांबरी फेल्टच्या गुंडाळ्या कापून अशा पट्ट्या करायला सुरुवात केली. लाकडी फळ्यांपेक्षा स्वस्त, आगीला जास्त दाद न देणारी आणि कुणालाही ठोकता येईल अशी ही वस्तू देशभर पसरली. तिचं आयुष्य वीस ते तीस वर्षं. ऊन-थंडीने डांबर कोरडं पडतं, कडा वर वळतात, कण्या सुटून पन्हळीत काळ्या वाळूसारख्या साचतात. पन्हळ साफ करताना ही वाळू ओंजळभर निघायला लागली की रूफरला फोन करायची वेळ झाली.

आता यात फसगत कुठे आहे बघा. शिंगल दिसायला जाड कागदासारखी. वाकते, दुमडते, सुरीने कापता येते. म्हणून वाटतं, हलकी असेल. पण तिच्यात डांबराचा वाटा पाव भागाच्या आसपास. उरलेलं बहुतेक वजन वरच्या कण्यांचं आणि डांबरात कालवलेल्या चुनखडीच्या भुकटीचं. म्हणजे कागदाच्या रूपातला दगडच. आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातली एक शिंगल काकांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. सव्वा किलोच्या वर भरली. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “याचं काही नाही. अशा किती आहेत वर?”

रूफर छपराचं माप ‘स्क्वेअर’मध्ये सांगतो. एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट. आपल्याकडचा गवंडी ज्याला ब्रास म्हणतो तेच. एका स्क्वेअरला साध्या शिंगल्स ८० च्या आसपास लागतात आणि त्यांचं वजन २०० ते २५० पौंड होतं. अलीकडे ज्या जाड, दुपदरी शिंगल्स घालतात त्या ३०० किंवा त्याहून जास्तही भरू शकतात. आमच्या घराची जमिनीवरची पडछाया, वळचणीसकट, धरा २,००० चौरस फूट. पण पाखं उतरतं असतं, त्यामुळे छपराचं क्षेत्र जमिनीपेक्षा जास्त. बारा इंच पुढे गेल्यावर सहा इंच चढणाऱ्या आमच्यासारख्या छपराला १.११८ ने गुणायचं. झाले २,२३६ चौरस फूट, म्हणजे साडेबावीसला थोडे कमी स्क्वेअर. खालचा फेल्ट कागद आणि खिळे धरून स्क्वेअरला २५० पौंड लावले तर ५,६०० पौंड. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, आपल्या मेट्रिक टनाहून लहान, ९०७ किलोचा. त्या हिशेबाने २.८ टन.

आणि जागा? एका घनयार्डात साध्या शिंगलचे साधारण तीन स्क्वेअर मावतात. म्हणजे आमचं अख्खं छप्पर साडेसात घनयार्डांत बसायला हवं होतं. भाड्याने मिळणाऱ्या पेट्या सहसा १०, १५, २०, ३० आणि ४० घनयार्डांच्या. घनयार्ड म्हणजे सत्तावीस घनफूट, तेव्हा वीस यार्डाची पेटी म्हणजे वाळूच्या भाषेत ५.४ ब्रास. काकांना ब्रासमध्ये सांगितल्याबरोबर चित्र डोळ्यासमोर आलं. “अरे, दहाची पेटी पुरे होती की!”

कागदावर पुरे होती. मी मागवली होती तीसची. मित्रमंडळींत ‘मोठी घ्या, परत परत मागवायला नको’ असा एकमुखी सल्ला होता, आणि आपल्याला फुकटचा सल्ला नेहमीच शहाणपणाचा वाटतो. रूफरने दिलेल्या अंदाजपत्रकात राडारोडा वाहून नेण्याचा खर्च धरलेलाच नव्हता. त्यामुळेच ते अंदाजपत्रक इतरांपेक्षा स्वस्त दिसत होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बहुतेक रूफर डंपस्टर स्वतः आणतात किंवा मागे झुकणारा ट्रेलर घेऊन येतात आणि तो खर्च एकूण रकमेत असतो. करारात ‘जुनं छप्पर उतरवून नेणे’ हे शब्द आहेत का, एवढं पाहिलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

पण खरी गोम छपरातच होती. कामगारांनी सकाळी सातला आढ्यापासून उकलायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत मुकादमाने वरून हाक मारून दोन बोटं दाखवली. शिंगल्सचे दोन थर होते. आधीच्या मालकाने जुनं छप्पर न काढता त्यावरच नवं ठोकलं होतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ज्या नमुना संहितेवरून घरबांधणीचे नियम घेतले आहेत, तिच्यात एका थरावर दुसरा चढवायला मुभा आहे. तिसरा मात्र चढवता येत नाही. दोन थर असतील तर दोन्ही उतरवावे लागतात. कारण उघड आहे. वासे एका ठरावीक भाराच्या हिशेबाने घातलेले, त्यात हिवाळ्यात वरून बर्फ बसणार. आधीच्या मालकाने उतरवण्याची मजुरी आणि डंपस्टरचं भाडं वाचवलं होतं. ते त्याने वाचवलं नव्हतं, माझ्या नावावर ठेवलं होतं.

थर मोजायला रूफर वर चढेपर्यंत थांबायची गरज नाही. त्रिकोणी भिंतीच्या बाजूला, जिथे पाखाची तिरकी कड संपते, तिथे शिडी लावून कडेची पत्र्याची पट्टी जरा उचलून पाहिली की बिस्किटांच्या पुड्यासारखे थर मोजता येतात. घर घेतानाच पाहून ठेवावेत.

दोन थर म्हणजे ५.६ टन. पंधरा घनयार्ड. तीसची पेटी बरोबर निम्मी.

डंपस्टरच्या भाड्यात चार गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. पेटी आणणं, ठरलेले दिवस ठेवणं (बहुधा आठवडा), परत नेणं आणि आतला माल टाकण्याची फी. या चौथ्या गोष्टीवर वजनाची मर्यादा असते. आमच्या भाड्यात तीन टन धरलेले होते, पुढच्या प्रत्येक टनाला ९० डॉलर. कचराभूमीवाले कंपनीकडून टनावर पैसे घेतात. देशभरात त्याची सरासरी टनाला साठ डॉलरच्या आसपास आहे, आणि जमीन महाग असलेल्या ईशान्येकडे त्याहून बरीच जास्त. म्हणजे पेटी कितीही मोठी असो, कंपनी आपल्याला विकत असते ते टन. यार्ड हा नुसता आकार. गाद्या, खुर्च्या, जुनी कपाटं टाकायची असतील तर आधी आकार संपतो. छप्पर, माती, काँक्रीट टाकायचं असेल तर आधी टन संपतात.

ट्रकवाल्याचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. आंतरराज्य महामार्गावर मालासकट गाडीचं वजन ८०,००० पौंडांच्या वर जाता कामा नये, असा केंद्राचा नियम आहे, आणि तो आकडाही पुरेसे आस असलेल्या लांब गाड्यांसाठी. एका आसावर २०,०००, जोड आसावर ३४,००० पौंडांची वेगळी मर्यादा आहेच. तीन आसांच्या पेटी ओढणाऱ्या ट्रकला त्याहून बरंच कमी नेता येतं. त्यातून रिकामी पेटीच दोन-अडीच टनांची. म्हणून काँक्रीट किंवा माती टाकायची असेल तर दहा यार्डांहून मोठी पेटी सहसा देत नाहीत, आणि चाळीस यार्डांची पेटी शिंगल्सनी काठोकाठ भरली तर ती उचलायला कुणी येणार नाही. चालक येईल, दोरखंड लावेल, ट्रकची पुढची चाकं जमिनीवरून उचलली जातायत हे पाहील आणि निम्मा माल बाहेर काढा म्हणून सांगून निघून जाईल. त्या फेरीचे पैसेही लावेल.

ही पेटी येते कशी, ते एकदा उभं राहून पाहण्यासारखं असतं. काका तर पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते. ट्रक उलटा आत येतो. पाठीवरचे दोन लोखंडी रूळ पुढच्या बाजूने वर उचलले जातात, त्यांच्यावरची पेटी मागे घसरते, मागची पोलादी चाकं जमिनीला टेकतात, मग ट्रक हळूहळू पुढे सरकतो आणि पेटी त्याच्याखालून निघाल्यासारखी मागे राहते. नेताना सगळं उलट. पेटीच्या नाकाला तारेचा दोर अडकवायचा आणि यंत्राने रुळांवर ओढून घ्यायची. म्हणून हिला रोल-ऑफ म्हणतात. गाडीसकट साधारण साठ फूट सरळ जागा लागते आणि रूळ उभे राहतात तेव्हा वर तेवीस-पंचवीस फूट मोकळे असावे लागतात. झाडाची फांदी, विजेची तार, गॅरेजवरची बास्केटबॉलची जाळी, काहीही आड आलं तर चालक परत जातो.

डंपस्टर हा शब्द मुळात या पेटीचा नव्हेच. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये डेम्पस्टर बंधूंचा बांधकामाचा धंदा होता. त्यांतला जॉर्ज डेम्पस्टर तरुणपणी पनामा कालव्याच्या खोदकामावर वाफेचं फावडं चालवून आलेला. माल भरेपर्यंत ट्रक नुसता उभा ठेवणं त्याच्या डोळ्यांना खुपायचं. त्याने पेटी वेगळी आणि ट्रक वेगळा केला. पेटी भरत राहील, ट्रक तोवर दुसरीकडे जाईल. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ‘डंप’ला स्वतःचं आडनाव जोडून त्याने ‘डेम्पस्टर-डंपस्टर’ असं नाव ठेवलं. माणूस हुशार होता. १९५० च्या दशकात नॉक्सव्हिलचा महापौरही झाला. त्याच्या आडनावातला ‘स्टर’ पुढे इतका लोकांचा झाला की आज कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही कचरापेटीला डंपस्टर म्हणतात. ब्रिटनमध्ये याच जातीच्या पेटीला स्किप म्हणतात. गंमत म्हणजे मीटर-किलो घेतलेला तो देश स्किप मात्र अजून घनयार्डांतच मोजतो.

ड्राइव्हवेचं नुकसान हा या व्यवहारातला सगळ्यांत जास्त भांडणांचा विषय, आणि तो पन्नास डॉलरच्या फळ्यांनी मिटतो. पेटीचं सगळं वजन टेकतं ते चार लहान पोलादी चाकांवर. डांबरी ड्राइव्हवे जुलैच्या उन्हात मऊ पडतो. शेवटी तेही शिंगलमधलंच डांबर, त्याचा भाऊबंद. चाकं त्यात रुततात आणि पेटी ओढताना लांब चर पडतात. काँक्रीट असेल तर तडा जातो. पेटी उतरायच्या आधी चाकांच्या रेषेत जाड फळ्या किंवा प्लायवुडच्या पट्ट्या टाकून ठेवायच्या. चालक त्यावर पेटी उतरवायला नाही म्हणत नाही, पण स्वतःहून फळ्या आणेलच असं नाही. आधी विचारावं. ड्राइव्हवे नसेल आणि पेटी रस्त्यावर ठेवायची असेल तर नगरपालिकेचा परवाना लागतो, पेटीवर रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लागतात, आणि सोसायटीचे नियम असतील तर त्यांचीही परवानगी.

ट्रक उलटा येतो म्हणून पेटीचं दार घराच्या बाजूला राहतं. ते पूर्ण उघडायला सात-आठ फूट जागा सोडायला सांगावं. दार उघडलं की आत चालत जाऊन माल रचता येतो, नाहीतर सगळं कडेवरून फेकावं लागतं आणि एकाच बाजूला ढीग होतो. आणि पेटी येण्याच्या आदल्या रात्री गॅरेजमधली गाडी बाहेर काढून रस्त्यावर लावावी. हसू नका. आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ पाच दिवस शेजाऱ्यांच्या गाडीने ऑफिसला गेले, कारण त्यांची गाडी गॅरेजमध्ये आणि गॅरेजच्या तोंडाशी वीस यार्डांची पेटी.

काम दोन दिवस चाललं. दात्यांच्या फावड्यांनी शिंगल्स खालून उचकटत, पाखावरून घसरवत, वळचणीशी लावलेल्या ताडपत्रीवरून पेटीत. झुडपांवर ताडपत्र्या, खिडक्यांना प्लायवुड. सातजण, सगळे स्पॅनिश बोलणारे, त्यांतला एकजण दिवसभर फक्त पेटीत उभा राहून माल पसरवत होता. कडेच्या वर एक शिंगलही डोकावता कामा नये. वर आलेला माल रस्त्यावर पडतो, म्हणून चालक तशी पेटी नेत नाही. रंगाचे डबे, बॅटऱ्या, टायर, गॅसची टाकी, फ्रिज यांतलं काही आत दिसलं तरी नेत नाही. हे आपण टाकत नाही, पण उघडी पेटी रस्त्यावरून दिसते आणि रात्रीचे पाहुणे येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शिंगल्सवर एक डबल गादी निवांत पसरलेली होती. गादीचं वजन माझ्या टनांत गेलंच.

त्याहून मोठा पाहुणा आदल्या संध्याकाळी येऊन गेला होता. पाचच्या सुमारास ढग भरून आले, कामगारांनी घाईघाईने उघड्या छपरावर ताडपत्र्या ठोकल्या, घर वाचलं. पेटीवर ताडपत्री टाकायचं कुणालाच सुचलं नाही, मला तर नाहीच. बावीस गुणिले आठ, १७६ चौरस फुटांचं तोंड. त्यात एक इंच पाऊस पडला तर पाणी होतं ९१५ पौंड, अर्ध्या टनाला जरा कमी. दाराच्या फटीतून गळेल ते गळेल, पण फेल्टचा कागद, कुजक्या फळ्या आणि वरून आलेली गादी आपापला वाटा धरून ठेवतात. काट्यावर ओलं-सुकं असा भेद नसतो.

तिसऱ्या दिवशी पेटी गेली. आठवड्याने बिल आलं, त्याला काट्याची चिठ्ठी जोडलेली. भरलेल्या ट्रकचं वजन, रिकाम्या ट्रकचं वजन, मधला फरक १२,४०० पौंड. ६.२ टन. त्यांतले तीन भाड्यातले, उरलेले ३.२ गुणिले ९०. काकांनी चिठ्ठी चष्मा लावून वाचली. मग त्यांनी एक हिशेब सांगितला, जो मला आजवर कुठल्या रूफरने सांगितला नाही. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, एका ब्रासला साधारण १४० कौलं लागतात. म्हणजे ब्रासला तीनशे किलोंच्या वर. त्यांचं छप्पर स्क्वेअरला माझ्या छपराच्या एका थराच्या अडीचपट जड. “पण ते कधी काट्यावर गेलंच नाही,” ते म्हणाले, “कारण ते कधी घर सोडून गेलं नाही.”

काट्यावर गेलेलं पुढे कुठे जातं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये बांधकामाचा आणि पाडकामाचा राडारोडा ६० कोटी टन निघाला, घरगुती आणि बाजारी कचऱ्याच्या दुपटीहून जास्त. त्यांत शिंगल्सचा वाटा एक कोटी टनांच्या वर. शिंगल्सचा हा वाटा बहुतेक सगळा जमिनीत पुरला जातो. खरं तर पुरण्याजोगा नाही, कारण त्यात डांबर आहे, आणि डांबर रस्त्याला लागतंच. जुन्या शिंगल्स दळून अर्ध्या इंचाहून लहान चुरा करायचा आणि रस्त्याच्या गरम मिश्रणात पाच टक्क्यांपर्यंत मिसळायचा, हे तंत्र बऱ्याच राज्यांत चालतं. अडचण दोनच. पहिली, काही जुन्या शिंगल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून तपासणी करावी लागते. दुसरी, माल स्वच्छ हवा. आमच्या पेटीत गादी, फळ्या आणि कुणीतरी टाकलेले थंड पेयांचे डबे होते. अशी पेटी थेट खड्ड्यात. नुसत्या शिंगल्सची पेटी स्वीकारणारं केंद्र जवळ असेल तर तिथला दर कधीकधी कचराभूमीपेक्षा कमी असतो. फोनवर विचारायला पैसे पडत नाहीत.

तर फोनवर काय विचारायचं? आकार शेवटी. आधी आपले स्क्वेअर आणि थर सांगायचे, माल शिंगल्सचा आहे हे सांगायचं आणि विचारायचं, भाड्यात टन किती, पुढच्या टनाला दर काय, दिवस किती, जादा दिवसाचे किती, फेरी फुकट गेली तर किती. शिंगल्स म्हटल्यावर पलीकडचा माणूस स्वतःच पेटीचा आकार सांगतो, आणि तो बहुधा तुमच्या मनातल्यापेक्षा लहान असतो.

आता एक शेवटची गोष्ट, जिचा डंपस्टरशी संबंध एवढाच की ती डंपस्टरमध्ये जात नाही. एका शिंगलला कमीत कमी चार खिळे. आमच्या एका थरात सात हजारांवर, दोन थरांत चौदा हजारांवर. मुकादमाने चाकं लावलेलं लांब लोहचुंबक हिरवळीवरून दोनदा फिरवलं आणि निघताना अंगठा वर केला. काकांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी पेटी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तसंच चुंबक हार्डवेअरच्या दुकानातून भाड्याने आणायला लावलं आणि सकाळी, दुपारी, आणि ऊन तिरपं झाल्यावर पुन्हा, ड्राइव्हवेच्या दोन्ही कडा, पन्हळीच्या तोंडाखालची जागा आणि झुडपांच्या बुंध्याशी फिरवलं. स्टीलच्या डब्यात २११ खिळे जमले. पेटी जिथे उभी होती, तिच्या फळ्यांखाली सगळ्यांत जास्त. तिथे मुकादमाचं चुंबक पोचलंच नव्हतं, कारण तेव्हा पेटी तिथेच होती.

पेटी गेल्यावर त्या जागेवरून चुंबक फिरवल्याशिवाय गाडी आत घेऊ नका. मी काकांच्या आधी, पेटी गेली त्याच संध्याकाळी घेतली होती. पुढचं डावं टायर गेलं.